बक्षिसाच्या चिठ्ठीवर नाव कुणाचं?

चाकण म्हटलं की आपल्या श्रोत्यांना संग्रामदुर्ग आणि १६६० साली शाइस्तेखानाशी झुंजलेला फिरंगोजी नरसाळा आठवतो. त्याच्यावर पुन्हा कधीतरी नक्की बोलू. आजचा विषय फुलांचा आहे, नेमकं सांगायचं तर फुलांच्या स्पर्धेचा. (ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केलीत, बाकी जसंच्या तसं.)

जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं. पुण्याच्या रोझ सोसायटीची गुलाबांची प्रदर्शनं असतात. आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचा उद्यान विभागही फुलं, फळं, भाजीपाल्याची स्पर्धा भरवतो. आपण जातो, फोटो काढतो, येताना एखादं रोप घेऊन येतो. टेबलावर प्रत्येक फुलाशेजारी एक छोटी चिठ्ठी असते. तिच्यावर गट क्रमांक, फुलाचं नाव, स्पर्धकाचं नाव असतं, आणि नशीब असेल तर 'प्रथम' असा शेरा. आज आपण या चिठ्ठीचा इतिहास बघणार आहोत. तिच्यावर नाव कुणाचं यायचं, हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे, आणि आपल्या शहरात त्याचं उत्तर अजून अर्धंच मिळालंय.

आधी स्पर्धा कशी चालते ते बघू

ज्यांनी कधी भाग घेतला नाही त्यांना वाटतं, सकाळी बागेतलं सगळ्यात छान फूल तोडायचं आणि नेऊन ठेवायचं. तसं नसतं. आयोजक आधी गटांची यादी काढतात. हायब्रिड टी गुलाब एक फूल, तोच गुलाब तीन फुलं, फ्लोरिबंडाचा झुबका, कुंडीतली शेवंती, डेलिया, निवडुंग, बोन्साय, पुष्परचना. तुमची नोंद त्या यादीत नेमकी बसली पाहिजे. तीन फुलांच्या गटात चार ठेवलीत तर परीक्षक फुलं कितीही सुंदर असोत, बाजूला काढतात. इंग्लंडातल्या प्रदर्शनांत अशा नोंदीवर 'यादीप्रमाणे नाही' अशी चिठ्ठी लावायची जुनी पद्धत आहे. आम्हा प्रोग्रामरांना ही भाषा लगेच कळते. कोड कितीही देखणा लिहा, इनपुटचा फॉरमॅट चुकला की टेस्ट फेल.

मग फुलाचे गुण. अमेरिकन रोझ सोसायटीची जी गुणपद्धत आहे तिच्यात १०० पैकी २५ गुण फुलाच्या घडणीला, २० रंगाला, २० दांडा आणि पानांना, १५ पाकळ्यांच्या कसदारपणाला, १० तोलाला आणि फक्त १० आकाराला. म्हणजे बशीएवढा गुलाब आणला म्हणून कुणी जिंकत नाही. हायब्रिड टी गुलाब साधारण अर्धा ते पाऊण उमललेला हवा, मधली कळी उभी आणि टोकदार, पानांवर भुरी नाही, काळे ठिपके नाहीत.

आता खरी गंमत वेळेची आहे. हे अर्धं उमलणं परीक्षकाच्या घड्याळाप्रमाणे व्हायला हवं. आपल्या हवेत छाटणी केल्यापासून गुलाबाला फूल यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. प्रदर्शन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कात्री लागली पाहिजे. थंडी जास्त पडली की फूल लांबतं, आभाळ आलं की भुरी पडते. शेवंतीचं वेगळंच. ती दिवस लहान होण्याची वाट बघते. झाडं दिवस-रात्रीची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलं, पण शेवंती लावणाऱ्याला दिवाळीच्या सुमाराला कळ्या धरतात हे त्याच्या खूप आधीपासून माहीत होतं. मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या खुडून एकच ठेवायची. तो खुडणारा हात रोज झाडापाशी असावा लागतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की टेबलावरच्या त्या एका फुलामागे कुणाचा तरी दीड-दोन महिन्यांचा रोजचा हात असतो. म्हणूनच अशा स्पर्धांत एक जुना नियम असतो: फूल स्पर्धकाच्या स्वतःच्या बागेतलं हवं, आणि कुंडी असेल तर ती काही काळ तरी त्याच्याकडे वाढलेली हवी. आदल्या रात्री मार्केट यार्डातून आणलेलं चालत नाही. नियम साधा वाटतो, पण त्यातला 'स्वतःच्या' हा शब्द फार निसरडा आहे. बाग स्वतःची म्हणजे जमीन स्वतःची, की मेहनत स्वतःची? आपला सगळा इतिहास या शब्दाभोवती फिरतो.

विणकरांची किटली

फुलांच्या स्पर्धा म्हटलं की आपल्याला वाटतं, साहेबी थाट, टोपीवाल्या बायका, चहा. लंडनचा चेल्सी फ्लॉवर शो १९१३ पासूनचा, आणि तो भरवणारी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १८०४ ची. पण स्पर्धा त्याहून जुन्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी कारागिरांच्या होत्या.

स्कॉटलंडमध्ये पेझली नावाचं गाव आहे. शालींवरची आपली कोयरी इंग्रजीत ज्या नावाने ओळखली जाते ते हेच गाव. तिथले हातमागाचे विणकर 'पिंक' नावाची, कार्नेशनच्या जातीतली फुलं वाढवायचे. पाकळीच्या कडेला लेससारखी गडद रेघ असलेली फुलं त्यांनी निवडून निवडून तयार केली. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकरांचा जीव ऑरिक्युलावर होता. माग घरातच, त्यामुळे धोटा बाजूला ठेवून मधेच उठायचं, कुंडीवर ऊन आलं तर ती सरकवायची, परत येऊन बसायचं. स्पर्धा गावातल्या गुत्त्यात व्हायची आणि बक्षीस असायचं तांब्याची किटली. ती किटली आधी बरेच दिवस गुत्त्याबाहेर टांगलेली असायची, म्हणजे येता-जाता सगळ्यांना दिसावी. पुढे कारखाने आले, हातमाग बसला, आणि फुलांचा नादही ओसरला. पण संपला नाही. ईशान्य इंग्लंडातले कोळसा खाणकामगार पुढे पातीच्या कांद्यासारख्या दिसणाऱ्या लीक नावाच्या भाजीच्या स्पर्धा भरवू लागले.

या स्पर्धांत नावाचा घोळ नव्हता. कुंडी ज्याची, हात त्याचा, किटलीही त्याची.

श्रीमंतांच्या बागा स्पर्धेत उतरल्या तेव्हा प्रश्न आला. लॉर्डसाहेबांच्या काचघरातली द्राक्षं कुणी पिकवली? व्हिक्टोरियन काळातल्या बागकामाच्या साप्ताहिकांनी यावर एक तोडगा काढला होता. निकाल छापताना ते माळ्याचं नाव आधी द्यायचे: मिस्टर अमुक, तमुक लॉर्डांचे माळी. गटही वेगळे असायचे: पगारी माळी असणाऱ्यांचे, हौशी लोकांचे, झोपडीवजा घरात राहणाऱ्या मजुरांचे. वर्गभेद त्यात होताच, उघड उघड होता. पण फूल कुणी वाढवलं हे छापून यायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ही पद्धत जहाजातून आपल्याकडे आली

१८२० मध्ये विल्यम कॅरी या मिशनऱ्याने कलकत्त्यात अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी काढली. आपल्याकडे त्याला बंगालीचा पंडित आणि छापखानेवाला म्हणून ओळखतात, आणि मराठीचं व्याकरण छापणाऱ्यांत तो फार आधीचा. पण हा माणूस वनस्पतींचा वेडा होता. या सोसायटीने सुरुवातीच्या दशकांतच भाजीपाल्याची प्रदर्शनं भरवली आणि देशी माळ्यांना बक्षिसं दिली. हेतू अगदी व्यवहारी होता. साहेबाच्या टेबलावर चांगला कोबी, चांगला मटार, चांगला बटाटा यायला हवा होता.

मुंबईत १८३० मध्ये अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया निघाली. तिची बाग शिवडीला होती. १८६२ मध्ये भायखळ्याला नवी बाग उघडली, तीच आपली राणीची बाग. शिवडीची जागा पुढे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी दफनभूमीसाठी घेतली, ती आजची शिवडी सिमेटरी. कधी शिवडीला गेलात तर बघा, स्मशानात इतकी जुनी झाडं कशी, याचं एक उत्तर इथे आहे. राणीची बाग १८७३ च्या सुमाराला महापालिकेकडे गेली.

पुण्यात कॅम्पाच्या कडेला, रेसकोर्सजवळ एक बाग होती, तिला सोल्जर्स गार्डन म्हणत. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी असल्याची घोषणा झाली आणि त्या पदवीवरून बागेला एम्प्रेस गार्डन नाव पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही बाग अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाकडे आहे, आजही. म्हणजे जानेवारीत तिकीट काढून आपण ज्या मांडवात शिरतो त्याच्या आयोजकांचं नाव १८३० पर्यंत मागे जातं.

त्याच काळात गणेशखिंडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते जी. मार्शल वुड्रो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, ते वनस्पतिशास्त्र शिकवत. हिंदुस्थानातल्या बागकामावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आहे, त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. ते पुस्तक विकत घेणारा साहेब असायचा आणि त्यातलं वाचून प्रत्यक्ष खड्डा खणणारा असायचा माळी. तो माळी ज्या समाजातून यायचा, त्या समाजातला एक माणूस त्याच शहरात त्याच वर्षांत लिहीत होता.

ज्यांचं आडनावच फुलावरून पडलं

जोतीराव फुले. जन्म १८२७. मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण. आजोबा शेटिबा पुण्यात आले, त्यांची मुलं पेशव्यांना फुलं पुरवू लागली. फुलांच्या गाद्या, हार, गजरे, सणासुदीची सजावट. त्या कामावरून लोक 'फुले' म्हणू लागले आणि गोऱ्हे मागे पडलं. पेशवाईने या कामाबद्दल घराण्याला जमीन इनाम दिली होती. ती पुढे एका भावाने स्वतःकडे ठेवली आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव यांना भाजी-फुलांचा धंदा करून संसार चालवावा लागला, असं त्यांची चरित्रं सांगतात.

म्हणजे पुष्परचना हा विषय पुण्यात क्लब आणि क्लासेसनी आणलेला नाही. आज प्रदर्शनात इकेबानाच्या मांडणीपाशी आपण थांबतो, थांबायलाच हवं. सहाशे-एक वर्षांची परंपरा आहे ती, क्योतोच्या इकेनोबो घराण्यापासूनची. पण शनिवारवाड्यात कुणीतरी पहाटे उठून निशिगंध, मोगरा, शेवंतीची जी रचना करत होतं, त्या माणसाला कधी पुष्परचनाकार म्हटलं गेलं नाही. त्याच्या कलेचं बक्षीस म्हणजे एक आडनाव आणि वादात गेलेली जमीन.

आता १८८३ मध्ये या. जोतीराव 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण करतात. आपण तो वाचतो कर्जासाठी, शिक्षणासाठी, भटशाहीवरच्या टीकेसाठी. पण शेवटच्या प्रकरणात सरकारने काय करावं याची जी यादी आहे, तिच्यात एक सूचना आहे जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. जोतीराव म्हणतात, सरकारने दर वर्षी श्रावणात प्रदर्शनं भरवावीत, आश्विनात पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत, आणि साधारण तीन वर्षांनी त्यांना पदव्या द्याव्यात.

नीट बघा, काय मागितलंय. प्रदर्शन तर मागितलंच. त्यासोबत औत हाकण्याची परीक्षा मागितली. ही परीक्षा जमिनीच्या मालकाला दुसऱ्याकडून देता येत नाही. नांगराचा मूठभाग ज्याच्या हातात, परीक्षा त्याची आणि बक्षीस त्याचं. आणि त्यावर पदवीसुद्धा! जिथे शिकलेल्या माणसाच्या नावापुढे बी.ए. लागतं, तिथे उत्तम नांगरणाऱ्याच्या नावापुढेही काहीतरी लागलं पाहिजे, असा तो विचार आहे. माझ्या नावापुढे बी.टेक. लागतं म्हणून असेल कदाचित, पण हे वाचून मी बराच वेळ पुढे सरकलो नव्हतो.

कारखान्यांचं गाव आणि गॅलरीतल्या कुंड्या

आता आपल्याकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. आपली एच.ए. कंपनी. देशातला सरकारी क्षेत्रातला पहिला औषध कारखाना, पेनिसिलिनचा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि साठच्या दशकात टेल्को, बजाज ऑटो असे मोठे कारखाने इथल्या माळरानावर उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. एका पिढीत पवनाकाठच्या शेतांचं शहर झालं.

या गोष्टीतला एक धागा फुलांशी जोडलेला आहे. एच.ए. मध्ये माणसांसाठी अँटिबायोटिक्स शोधताना पिकांसाठीची औषधंही निघाली. बुरशीवर चालणारं ऑरिओफंगिन तिथलंच. आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची ती छोटी पुडी तर डाळिंबवाल्या शेतकऱ्याला तेल्या रोगामुळे तोंडपाठ आहे. (गुलाबाच्या भुरीवर ती पुडी मारू नका. भुरी ही बुरशी आहे, स्ट्रेप्टोसायक्लिन जिवाणूंवर चालतं.)

दुसरा धागा टेल्कोचा. सुमंत मुळगावकरांनी पुण्याच्या कारखान्याच्या जागेवर हजारो झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं. कारखाना म्हणजे फक्त शेड आणि धूर नव्हे, हा आग्रह तिथून रुजला. आज एमआयडीसीतून गेलात तर बऱ्याच कंपन्यांच्या दाराशी हिरवळ, बोगनवेल, गुलाबाचे वाफे दिसतात.

आणि तिसरा धागा घराघरांतला. सातारा, सांगली, बीड, लातूर, विदर्भ, खानदेश, कुठून कुठून माणसं इथे कामाला आली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गावाकडे शेती बघितलेली होती, आणि इथे मिळाली दोन खोल्या आणि एक गॅलरी. आमच्या घरी निगडीला हेच होतं. बाबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये तीन पाळ्यांत काम करायचे. पहिली पाळी असली की दुपारी चार वाजता चहा झाल्यावर ते कुंड्यांपाशी बसायचे. आई शेवंती लावायची, डालड्याच्या डब्यांत. एका वर्षी तिने महापालिकेच्या स्पर्धेत कुंडी नेली. बाबांनी स्कूटरच्या पुढच्या जागेत ती दोन पायांत धरून, हळूहळू, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता पोचवली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर आईचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. घरातल्या कुठल्याही कागदावर, रेशनकार्डावर, लाइटबिलावर, तिचं नाव पहिलं नव्हतं. या कागदावर ते एकटंच होतं.

पेझलीच्या विणकराची किटली आणि आईचं हे प्रमाणपत्र, मला वाटतं, एकाच जातीची वस्तू आहे. गिरणी, कारखाना, पाळी यांत माणसाचा हात मशीनच्या हिशोबात जातो. बनलेल्या गिअरबॉक्सवर कुणाचं नाव नसतं. फुलाच्या चिठ्ठीवर असतं.

चिठ्ठीवरून गाळलेला माणूस

पण आता तो निसरडा शब्द परत येतो: 'स्वतःची' बाग.

पुष्पप्रदर्शनांबरोबर बागांच्याही स्पर्धा होतात. बंगल्यांच्या बागा, संस्थांच्या बागा, कंपन्यांच्या बागा. मी आधी ज्या कंपनीत होतो तिचं नाव घेत नाही. तिथे रिसेप्शनला काचेच्या कपाटात बागेसाठी मिळालेल्या ढाली होत्या. ढालीवर कंपनीचं नाव, शेजारी बक्षीस घेतानाचा ॲडमिनच्या साहेबांचा फोटो. बाग खरंच सुंदर होती. ती सांभाळणारे काका खेड तालुक्यातल्या एका गावचे, ठेकेदाराकडून आलेले. त्यांना कुठल्या वाफ्यातल्या गुलाबाचा डोळा कुठून आणून भरला ते वर्षासकट सांगता यायचं. खुंटावरून रानफुटवा आला की दुरून ओळखायचे. एका मार्चमध्ये ठेका बदलला आणि काका दिसेनासे झाले. पुढच्या वर्षी बागेला परत बक्षीस मिळालं, काकांनी लावलेल्या गुलाबांवरच. ढाल कपाटात गेली. काकांचं नाव ढालीवर नव्हतं, फायलीतही नव्हतं. फायलीत ठेकेदाराचं नाव होतं.

कायद्याने बघितलं तर नियम मोडला नाही. बाग कंपनीच्या मालकीची, म्हणजे 'स्वतःची'च. इंग्रजी साप्ताहिकाने दीडशे वर्षांपूर्वी जे सोपं काम केलं, लॉर्डाच्या नावाआधी माळ्याचं नाव छापलं, तेवढं आपल्या या ढालीने केलं नाही. आपण विलायतेतून स्पर्धा घेतली, गटांची यादी घेतली, गुणपद्धत घेतली. ती एक ओळ तेवढी बोटीतून उतरली नाही.

मावळातली दुसरी परीक्षा

आपल्या पट्ट्यात गुलाबाची आणखी एक स्पर्धा चालते, तिला कुणी स्पर्धा म्हणत नाही. तळेगाव दाभाडेला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, फुलशेतीचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे, आणि मावळभर पॉलिहाऊस आहेत. १४ फेब्रुवारीच्या आधीचे दोन-तीन आठवडे इथून परदेशी आणि देशातल्या मोठ्या शहरांत गुलाब जातात. टॉप सीक्रेट नावाचा लाल, ताजमहाल नावाचा लाल.

इथलीही गणितं तारखेवरून उलटी मोजलेली असतात, पण परीक्षक वेगळा. बाजार दांड्याची लांबी मोजतो, ४० सेंटिमीटर, ५०, ६०, आणि त्यावर भाव. फूल घट्ट कळीत काढावं लागतं, म्हणजे प्रवासात टिकेल आणि ग्राहकाच्या फुलदाणीत उमलेल. कळीवर जाळीची टोपी घालतात, ती मोठी आणि घट्ट राहावी म्हणून. प्रदर्शनाचा परीक्षक जी अर्धी-पाऊण उमललेली अवस्था मागतो, त्या अवस्थेतलं फूल निर्यातीच्या खोक्यात चालत नाही. एकाच झाडाचं फूल एका परीक्षेत पहिलं येईल आणि दुसरीत नापास होईल.

या दुसऱ्या परीक्षेत राबणारे हात, त्यात बायकांचे खूप, वीस-वीसच्या जुड्या बांधतात, काटे काढतात, प्रतवारी करतात. जुडीवर लांबी लिहिलेली असते. नाव लिहायला तिथे जागाच नाही, आणि बाजाराकडून ती अपेक्षाही कुणी करत नाही. म्हणून तर वाटतं, जिथे चिठ्ठीवर नाव लिहायची पद्धत दोनशे वर्षांपासून आहेच, तिथे तरी ते योग्य माणसाचं असावं.

एक कॉलम वाढवा

मागणी फार छोटी आहे. प्रवेश अर्जात 'स्पर्धकाचे नाव' या रकान्याखाली एक रकाना: 'संगोपन करणाऱ्याचे नाव'. हौशी माणूस दोन्हीकडे स्वतःचं नाव लिहील. बंगल्याचा, सोसायटीचा, कंपनीचा अर्ज असेल तर तिथे माळ्याचं नाव येईल, आणि तेच चिठ्ठीवर, ढालीवर, प्रमाणपत्रावर जाईल. रोजच्या कामात डेटाबेसच्या टेबलात असा एखादा कॉलम आम्ही चहा थंड व्हायच्या आत वाढवतो. आयोजकांना खर्च शून्य. कंपनीची ढाल कंपनीकडेच राहील. पण ठेका बदलल्यावर पुढच्या ठेकेदाराच्या दाराशी उभं राहताना त्या माणसाच्या हातात एक कागद असेल. जोतीरावांनी मागितलेल्या पदवीच्या मानाने हे काहीच नाही, पण सुरुवात म्हणून चालेल.

आणि तोवर, ज्यांना यंदा स्वतः भाग घ्यायचाय त्यांच्यासाठी उजळणी. यादी आधी मिळवा आणि दोनदा वाचा. गुलाबाच्या छाटणीची तारीख प्रदर्शनापासून सहा-सात आठवडे मागे मोजून ठरवा, आणि दोन-तीन झाडं दोन-तीन दिवसांच्या अंतराने छाटा, म्हणजे थंडीने दगा दिला तरी एखादं वेळेवर येईल. मोठं फूल हवं तर बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा, उशिरा खुडलं तर देठावर खूण राहते. फूल आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे काढा, दांडा लगेच खोल पाण्यात ठेवा. जातीचं नाव नीट लिहा. सोसायटीच्या बागेतली कुंडी नेणार असाल तर आपल्या माळीकाकांना सोबत घेऊन जा, परीक्षण संपून मांडव उघडला की आत जाताना त्यांना पुढे करा, आणि अर्जात रकाना नसला तरी चिठ्ठीवर त्यांचं नाव पेनने लिहा. कुणी हरकत घेतली तर मला जरूर कळवा, त्यावर आपण पुढचा भाग करू.

तुमच्या घरात, कंपनीत, कॉलनीत अशा स्पर्धांची जुनी प्रमाणपत्रं, फोटो, गटांच्या याद्या असतील तर त्या जपून ठेवा आणि जमलं तर आम्हाला पाठवा. पिंपरी-चिंचवडचा इतिहास कारखान्यांच्या उद्घाटनाच्या फोटोंतून भरपूर मिळतो. गॅलरीतल्या कुंड्यांचा मात्र अजून कुणी जमवलेला नाही. भेटू पुढच्या भागात.